अनुभव धागा: निवडणुकीच्या दिवसांत तुम्ही पाहिलेली अमेरिका - पैसा कुणाकडे, मत कुणाला

स्वप्ना_बेथलेहेम (२१ ऑक्टोबर २०२४)

सध्या आमच्या पेनसिल्व्हेनियात पत्रपेटी उघडली की बिलांपेक्षा प्रचाराचे कागद जास्त निघतात. काल संध्याकाळी कॉलेजातली एक मुलगी दार वाजवून विचारून गेली, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता? मी "महागाई" म्हणून मोकळी झाले. पण ती गेल्यावर आमच्या पहिल्या घराशेजारचे आजोबा डोक्यातून जाईनात.

२००८ सालची गोष्ट. आम्ही नुकतेच इथे आलो होतो, साउथ साइडला भाड्याच्या घरात. आजोबांचा उभा जन्म बेथलेहेम स्टीलच्या भट्टीवर गेलेला. १९९५ मध्ये इथल्या भट्ट्या विझल्या, २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००३ मध्ये निवृत्त कामगारांचा आरोग्य विमाच बंद झाला. कामगार आणि त्यांच्या घरचे मिळून ९५ हजारांच्या आसपास माणसं. पेन्शन सरकारी महामंडळाने आपल्याकडे घेतली म्हणून निदान ती तरी चालू राहिली. आजींची औषधं महाग, त्यामुळे आजोबा म्हातारपणी रात्रपाळीत एका दुकानात सामान लावायला जायचे.

त्याच ऑक्टोबरात बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला. आजोबा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "आमच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये कुणाला एवढी घाई नव्हती." त्यांनी तेव्हा ओबामांना मत दिलं, २०१६ ला ट्रम्पना. आमची नॉर्थॅम्प्टन काउंटीही (म्हणजे आपला जिल्हा) तशीच गेली, दोनदा ओबामा, मग ट्रम्प, मग बायडन. टीव्हीवर अशा माणसांना चंचल म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. विम्याचं काय, पेन्शनचं काय, एवढंच ते दोन्ही पक्षांना वर्षानुवर्षं विचारत होते. त्या भट्ट्या अजून उभ्या आहेत, शेजारी २००९ पासून कसिनो आहे.

तुम्ही राहता तिथे या दिवसांत काय बघितलंत ते लिहा. कोणता पक्ष चोर यावर भांडायला दुसरे धागे आहेत. इथे फक्त पाहिलेलं, भोगलेलं.

अंजू_डी

रुमाल टाकून जागा धरतेय. पोरांना शाळेतून आणलं की लिहिते.

पक्या_मिशिगन

आमच्याकडे हे घरोघरी. मी डेट्रॉईटच्या उत्तरेला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कंपनीत. २००७ च्या करारात मोठ्या कार कंपन्यांत नव्या कामगाराला निम्मा पगार ठरला. एकाच लाइनवर शेजारी शेजारी दोघं, तेच काम, एकाला ताशी २८ डॉलर आणि दुसऱ्याला १४. २००९ ला जीएम, क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तेव्हा सरकारने वाचवल्या, ते बरंच झालं, नाहीतर आमच्यासारख्या पुरवठादारांचं अख्खं गाव बसलं असतं. पण निम्म्या पगाराचा तो काटा काढायला २०२३ चा संप लागला.

संपात बायडन स्वतः येऊन भोंगा हातात घेऊन कामगारांत उभे राहिले. पदावरच्या अध्यक्षाने असं करायची पहिलीच वेळ. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प क्लिंटन टाउनशिपला, युनियन नसलेल्या कारखान्यात. माझ्या टीममधले दोघं एकाला ऐकून आले, दोघं दुसऱ्याला, डबा मात्र एकत्रच खाल्ला.

आणि शेजाऱ्याचं सांगतो. २०१६ च्या मार्चमध्ये अंगणात डेमोक्रॅट उमेदवारी मागणाऱ्या सँडर्सची पाटी, नोव्हेंबरमध्ये ट्रम्पची. मी विचारलं तर म्हणाला नाफ्टाबद्दल (मेक्सिको-कॅनडाशी झालेला व्यापार करार) हे दोघंच बोलतात. त्या वर्षी मिशिगन पावणेअकरा हजारांहून कमी मतांनी फिरलं. असे शेजारी किती असतील बघा.

कुंदा_कुलकर्णी

मी न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे आले आहे सहा महिन्यांसाठी. मला राजकारण कळत नाही. शनिवारी इथल्या चर्चबाहेर मोठी रांग दिसली. लेक म्हणाली आई ते फुकट धान्य घ्यायला आलेत. अगं पण सगळे गाडीतून आलेले! गाडी असून धान्याच्या रांगेत, हे मला समजेना. कुणी सांगेल का. आणि इथे मेथी केवढी महाग हो.

अंजू_डी

कुंदाकाकू, इथे गाडी नसेल तर कामावरच जाता येत नाही. बस, लोकल सगळीकडे पोचत नाहीत. त्यामुळे गाडीचा हप्ता आधी, घरभाडं नंतर आणि पोटाला उरेल ते. भाड्यात निम्मा पगार जाणारी कितीतरी घरं आहेत. गाडी ही इथे श्रीमंतीची खूण नाही.

मेथी ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत बघा, संध्याकाळी जा.

शिल्पा_ह्यूस्टन

काउंटरमागे उभी राहते मी, फार्मसिस्ट आहे. लंच ब्रेकमध्ये लिहितेय.

निवडणूक आली की औषधांच्या किमतींवर जाहिराती सुरू होतात. माझ्या समोर येतात ती माणसं अशी: छपराची कामं करणारा पन्नाशीचा माणूस, इन्सुलिनची किंमत ऐकतो आणि म्हणतो आज अर्धंच द्या. इन्सुलिन अर्धं घेऊन चालत नाही हे त्यालाही माहीत असतं. २०२३ पासून मेडिकेअरवाल्यांना (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर, म्हणून ६५ पूर्ण झालेल्यांचा चेहरा सुटतो. हा मधला माणूस तसाच राहिला. टेक्सासने मेडिकेडचा (गरिबांसाठीचा सरकारी विमा) विस्तार केलेला नाही, म्हणजे कमावती, मुलंबाळं नसलेली गरीब व्यक्ती त्यात बसतच नाही. विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आमच्या राज्यात.

हाच माणूस रिपब्लिकनांना मत देतो, मला स्वतःच सांगितलं त्याने. कारण विचारलं तर म्हणाला, तेल विहिरींची कामं बंद पडली तर माझ्या मुलाची नोकरी जाईल. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. माझ्या घरी असं असतं तर मीही आधी मुलाच्या नोकरीकडेच बघितलं असतं. राग येतो तो राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये बसलेल्यांचा, ज्यांनी हा विस्तार दहा वर्षांहून जास्त अडवून धरला.

ग्राहक आले, पळते.

देसाई_अटलांटा

दुसरी बाजूही येऊ द्या. माझं सँडविचचं छोटं दुकान आहे, सात माणसं. मी रिपब्लिकन, सांगायला लाज नाही. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे खरं, पण त्या पगारावर कुणी येतच नाही. मी १३ देतो. भाडं, ब्रेड, चीज, कार्डाचे पैसे सगळं वाढलं, जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के होती ती माझ्या वहीत मला रोज दिसत होती. वॉशिंग्टनमधून १५ ठरवलं की मोठ्या साखळी दुकानांना फरक पडत नाही, ती ऑर्डर घ्यायला मशीन लावतात. मी कुठून लावू?

गरिबाचा कैवार घेणाऱ्यांनी छोट्या दुकानदारालाही माणसात धरावं, एवढंच म्हणणं.

निखिल_बे_एरिया

देसाईकाका, मुद्दा मान्य, पण वरचा हिशोबही बघा. फेडरल रिझर्व्हच्या आकड्यांत वरच्या १ टक्क्याकडे देशाच्या संपत्तीचा सुमारे ३० टक्के हिस्सा आहे आणि खालच्या अर्ध्या लोकांकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. तुम्ही आणि तुमची सात माणसं यांच्यातला झगडा त्यापुढे काहीच नाही.

माझा अनुभव. मी एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, मत नाही, टॅक्स पूर्ण. पालो आल्टोत स्टॅनफर्डसमोर एल कमीनोवर जुन्या आरव्ही गाड्यांची रांग असायची, त्यात माणसं राहायची. स्वयंपाकी, सफाईवाले, सिक्युरिटीवाले. इथे सगळीकडे डेमोक्रॅट. अंगणात समतेच्या पाट्या. आणि गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत येणार म्हटलं की त्याच अंगणातले लोक नगर परिषदेत विरोधाला हजर. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (लोकांच्या मतदानाने झालेला कायदा) ज्याने घर जुन्या काळी घेतलं तो त्या जुन्या किमतीवर कर भरतो, शेजारी नवीन आलेला त्याच्या दसपट. २०२० मध्ये निदान मोठ्या व्यापारी मालमत्तांपुरता तो बदलायचा प्रस्ताव आला, तोही पडला. त्याच दिवशी अॅपवरच्या ड्रायव्हरांना कर्मचारी न मानणारा प्रॉप २२ पास झाला. कंपन्यांनी त्यावर २० कोटी डॉलरहून जास्त ओतले होते. हे सगळं कॅलिफोर्नियात, जिथे बायडन प्रचंड फरकाने जिंकले.

मीटिंग सुरू झाली, नंतर.

ठाण्याचा_बंड्या

इकडे आमच्याकडे पण २० नोव्हेंबरला मतदान, आणि सगळी चर्चा लाडक्या बहिणीची. आईकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या खात्यात राखीच्या आधी दोन महिन्यांचे ३००० आले. त्यांनी आधी मुलीची क्लासची फी भरली. मतासाठी दिले म्हणून नावं ठेवणारे आमच्या सोसायटीत भरपूर, त्यातले निम्मे मावशींना दोनशे रुपये वाढवून द्यायला तयार नाहीत.

तिकडे असं थेट खात्यात देतात का?

अंजू_डी

आले परत. बंड्या, दिले होते! २०२० ला करोनाच्या मदतीचे १२०० डॉलर, आणि कागदी चेकवर ट्रम्प यांचं नाव छापलेलं. त्या चेकचा फोटो काढून ठेवणारी माणसं माहीत आहेत मला.

मग २०२१ मध्ये बायडनच्या वेळी मुलांसाठी. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३६००, मोठ्यांना ३०००, त्यातले अर्धे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात. माझ्या धाकटीच्या पाळणाघरातली ताई एकटी, दोन मुलं. त्या सहा महिन्यांत तिने शनिवार-रविवारचं हॉटेलातलं काम सोडलं, मुलं घरी आईबरोबर असायची. जानेवारीत पैसे बंद. सिनेटमध्ये सगळे रिपब्लिकन विरोधात, त्यात डेमोक्रॅट मॅनचिन अडून बसले. सेन्ससचे आकडे आहेत, मुलांमधली गरिबी २०२१ ला ५.२ टक्के आणि पुढच्याच वर्षी १२.४. ताई परत हॉटेलात. इतकं सरळ उत्तर हाताशी असून ते सोडून देणारा देश बघून मला रडू आलं होतं, खरंच.

कुंदा_कुलकर्णी

अंजू, तुझी पोस्ट लेकीला वाचून दाखवली. मेथी मिळाली.

मेधा_टँपा

आमची वीज मिल्टन वादळानंतर आत्ता कुठे सुरळीत झाली, म्हणून उशीर. सगळे ठीक आहोत, ज्यांनी फोन केले त्यांना मनापासून धन्यवाद. कुंपण गेलं, फणस वाचला.

देसाईकाका, आमच्या फ्लोरिडाचं ऐका. २०२० ला ट्रम्प इथे जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर १५ डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव ६० टक्क्यांहून जास्त मतांनी पास झाला. म्हणजे ट्रम्पना मत देणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यावरही हो म्हटलंय. टप्प्याटप्प्याने वाढतंय, २०२४ च्या ३० सप्टेंबरला १३ झालं. आमच्या गल्लीत झाडं उचलायला आलेला मुलगा त्यातलाच. पक्षांच्या भांडणात लोकांचं हे मत कुणी ऐकत नाही.

देसाई_अटलांटा

मेधा, घरचे सुखरूप ना, ते महत्त्वाचं. राज्याने हळूहळू वाढवलं तर माझी तक्रार नाही. वॉशिंग्टनने एकदम लादू नये.

रेवती_एस

मुलगी कॉलेजच्या सुट्टीत पिट्सबर्गला वेट्रेस होती. पेनसिल्व्हेनियात टिप मिळणाऱ्यांचा मूळ पगार ताशी २.८३ डॉलर. केंद्राचा २.१३, तोही १९९१ पासून. ट्रम्प म्हणाले टिपांवर कर नाही, मग हॅरिस पण तेच म्हणाल्या. मुलगी म्हणाली, आई माझ्याबरोबरच्या निम्म्या बायकांना कर लागण्याएवढं उत्पन्नच नाही, मूळ पगार वाढवा ना. पोरीला पॉलिटिकल सायन्स घ्यायचंय आता, बाबा तोंड पाडून बसलेत.

पक्या_मिशिगन

रेवतीताई, घेऊ द्या, उद्या श्री ठाणेदारांसारखी इथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत जाईल. :)

ठाणेदारांवरून आठवलं. बेळगावात गरिबीत वाढलेला माणूस डेट्रॉईटचा खासदार, याचा आम्हाला इथे फार अभिमान. २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत ते तिसरे आले, तेव्हा टीव्ही लावला की त्यांचीच जाहिरात. पण स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घालता आले म्हणून हे जमलं हेही खरं. माझ्या कारखान्यातली लाइनवरची बाई कितीही हुशार असली तरी उभी राहू शकत नाही. २०१० च्या सर्वोच्च कोर्टाच्या निकालानंतर तर प्रचारात बाहेरून पैसा ओतायला मर्यादाच उरली नाही.

अंजू_डी

चकल्या तळतेय, पण हे वाचून +१००.

स्वप्ना_बेथलेहेम (७ नोव्हेंबर)

निकाल सगळ्यांना माहीत आहे. आमची काउंटी पुन्हा फिरली, ट्रम्पकडे. मंगळवारी माझ्यामागे रांगेत गोदामाचं जॅकेट घातलेली बाई होती, पाळी सुरू व्हायची वेळ झाली म्हणून मत न देता निघून गेली. मी तिला जागा देऊ का विचारलं, पण पुढे अजून वीसेक माणसं होती. मतदानाला सुट्टी का नाही, याचं उत्तर दोन्ही पक्षांकडून हवंय मला. ती मत न देता गेली याचा राग मनातून जात नाहीये.

सुजय_सेंट_लुईस

पहिल्यांदाच लिहितोय. मेधाताईंनी फ्लोरिडाचं लिहिलं तेच परवा आमच्या मिसूरीत झालं. ट्रम्पना ५८ टक्के, आणि १५ डॉलर वेतन व पगारी आजारपणाच्या रजेच्या प्रस्तावालाही जवळपास तेवढीच. आमच्या ऑफिसच्या सफाईवाल्या काकांनी दोन्हीला मत दिलं, मला टिकमार्क करून दाखवल्यासारखं हवेत बोट फिरवून सांगितलं. आता विधिमंडळ ते टिकू देतं का ते बघायचं.

शिल्पा_ह्यूस्टन

सुजय, लिहीत राहा, अभिनंदन काकांचं.

स्वप्ना, इथे दोन आठवडे आधीपासून मतदान असतं, तरी माझ्या टेक्निशियन मुलीला जमलं नाही. दोन नोकऱ्या.

कुंदा_कुलकर्णी

मी डिसेंबरात परत जाणार. त्याआधी त्या चर्चच्या रांगेसाठी काही द्यायचं मनात आहे. लाडू चालतील का?

स्वप्ना_बेथलेहेम

काकू, घरी केलेलं सहसा घेत नाहीत, नियम असतात. डबाबंद राजमा, छोले, तांदूळ, पीनट बटर, लहान मुलांचे डायपर चालतात. डायपरची फार गरज असते, कारण फूड स्टॅम्पवर (गरिबांना मिळणारी सरकारी अन्नमदत) ते घेता येत नाहीत. आणि पैसे दिलेत तर आणखी चांगलं, त्यांना घाऊक भावात जास्त मिळतं. लेकीला आधी फोन करून विचारायला सांगा, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांच्याकडे ठेवायला जागा नसते.