पावसाळ्यात रोजच्या फोटोचं काय करायचं?

वर्षभर रोज एक, असा ३६५ फोटोंचा नेम धरणारे विचारतात की जून लागला की आभाळ रोज तेच राखाडी, मग हा नेम टिकणार कसा? आभाळ फ्रेममधून काढूनच टाका. ढगाळ उजेडात सावल्या मऊ पडतात, जवळून टिपायला याहून चांगला प्रकाश नाही.

कुंडीतलं अळूचं पान घ्या. पाणी त्यावर पसरत नाही, गोल थेंब होऊन थरथरत राहतं. थेंबाच्या कडेवर नाही, आत उलटं दिसणाऱ्या खिडकीवर फोकस करा. एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकार), शटर १/२५० सेकंद किंवा जलद, कारण पान जराशा वाऱ्यानेही हलतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पर्यंत गेला तरी चालेल, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. मोबाइलवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित खाली आणा. पावसाच्या रेघा हव्या असतील तर मागे गडद भिंत किंवा झाड आणि शटर १/६० च्या आसपास.

खिडकीतून काढताना खोलीतला दिवा बंद, लेन्स काचेला टेकवलेली.

आता खरा धोका, दमट हवेत लेन्सवर धरणारी बुरशी. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवूच नका. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करायचे. एसीच्या खोलीतून गच्चीवर जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या, अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते.