कॅलेडियम मेलेलं नसतं, कंदात झोपलेलं असतं

"दिवाळीनंतर पानं माना टाकतात, पाणी वाढवलं तरी कुंडी रिकामी होते, म्हणजे रोप गेलंच" असं कॅलेडियमबद्दल, म्हणजे रंगीत पानांच्या या शोभेच्या रोपाबद्दल, कुणी म्हणतं ते मला पटत नाही. थंडी लागली की कॅलेडियम पानं टाकून कंदात जातं, आणि नेमकं तेव्हा घातलेलं जास्तीचं पाणी कंद कुजवतं. माझे पहिले दोन कंद असेच गेले; उकरले तर बोटाखाली लिबलिबीत लागले, वास मारत होता. आता पुण्यात नोव्हेंबरअखेर पाणी बंद करते, पिवळी पानं आपसूक गळू देते आणि कुंडी तशीच जिन्याखाली कोरडी ठेवते.

आणखी एक गोष्ट. मे महिन्यात कंद पुन्हा लावताना मधला मोठा डोळा (जिथून कोंब फुटतो ती जागा) चाकूच्या टोकाने कोरून काढा. पानं थोडी उशिरा आणि जरा लहान येतात, पण बाजूचे डोळे फुटून कुंडी गच्च भरते. कापलेली जागा दोन दिवस सावलीत सुकू द्या. डोळे वरच्या बाजूला ठेवून 2 इंच माती घाला, कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं. हातमोजे मात्र घालाच, अळूसारखीच खाज सुटते; कूळ एकच आहे ना! घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.