‘ममिया ७ परवडत नसेल तर थांबा’ म्हणे!

रोल_१२०:
‘हिशोबी’ यांनी परवा साधा प्रश्न विचारला होता. पैसे बेताचे आहेत, मिडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या १२० रोलवरचा, रेंजफाइंडर (खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) हवाय, कुठला घेऊ? त्यावर ‘सप्तर्षी’ यांचा निकाल असा: ममिया ७ घ्या, परवडत नसेल तर परवडेपर्यंत थांबा, बाकी सगळी तडजोड. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ममिया ७ वाईट आहे असं कोण म्हणतंय? १९९५ चा कॅमेरा, ४३ पासून २१० एमएमपर्यंत लेन्स, आत उजेड मोजणारा मीटर, आवाज जवळजवळ नाहीच. पण शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी संपली की एक फ्रेम निघत नाही, आणि सर्किट गेलं तर सुटा भाग शोधायचा दुसऱ्या मेलेल्या ममियात. ज्याचा खिसा बॉडी आणि लेन्स घेतानाच रिकामा होणार, त्यानं दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे?

त्यापेक्षा फुजी जीडब्ल्यू६९० बघा. निगेटिव्ह ६×९ सेंटीमीटरची, ममियाची ६×७. लेन्स एकच, ९० एमएम एफ ३.५. मीटर नाही, बॅटरी नाही, सगळं यांत्रिक. ममियाची ८० आणि फुजीची ९०, दोन्हींचा अँगल साध्या ३५ एमएम फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या ४० एमएम लेन्सच्या आसपासच येतो. एकाच लेन्सवर आयुष्य काढणाऱ्याला आणखी काय हवं? घेताना कॅमेरा उलटा करून तळ बघायचा. तिथला काउंटर दर १० फ्रेमला एकानं पुढे सरकतो, म्हणजे ‘फार वापरलेला नाही हो’ हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकत बसायला नको.

सप्तर्षी:
माझं नाव घेऊन लिहिलंत, आभार. आता जे लिहिलं नाहीत तेही सांगा की. फुजीत एका रोलमध्ये फ्रेम फक्त ८. ममियात १०. वजन दीड किलोच्या घरात, ममिया ८० एमएमसकट १२०० ग्रॅमच्या आसपास. शटर दाबलं की ‘टंग्’ असा आवाज, समोरचा माणूस दचकतो. हूड मागे ढकलला की अपर्चर आणि शटरच्या रिंगा त्याच्याखाली जातात. बी (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं) नाहीच, फक्त टी (एकदा दाबलं की बंद करेपर्यंत उघडं). आणि टी वर एक्स्पोजर थांबवायचं तर स्पीडची रिंग फिरवा किंवा फिल्म पुढे न्या, म्हणजे ट्रायपॉडवरचा कॅमेरा हललाच. कॅमेरा स्वस्त, रोल महाग. हिशोबी यांनी हाही हिशोब करावा.

रोल_१२०:
टी वर आधी लेन्सवर कॅप धरायची, मग रिंग फिरवायची. हे ज्याला सुचत नाही त्याला ममियाही वाचवणार नाही. आणि १० फ्रेम हव्यात तर ६×७ चा जीडब्ल्यू६७० आहे.

घडीची_राणी:
तुम्ही दोघेही पैसेवाले आहात, एवढंच या भांडणातून कळलं. बेताचे पैसे म्हणजे फोल्डर, घडीचा कॅमेरा! मॉस्क्वा-५ घ्या. १०५ एमएम एफ ३.५, कपल्ड (लेन्सला जोडलेला) रेंजफाइंडर, ६×९ आणि मास्क लावला की ६×६. लेन्समागचा भाता, म्हणजे बेलोज, घडी होतो, त्यामुळे मिटला की पिशवीत मावतो.

फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. माझ्या एका फोल्डरला ‘बेलोज एकदम टकाटक’ असं लिहून दिलं होतं. अंधाऱ्या खोलीत मागचं दार उघडून आत बारीक टॉर्च घातला, तर घडीच्या चारही कोपऱ्यांतून उजेडाचे ठिपके. शेवटी नवा बेलोज बसवून घेतला. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती अशी की आधी फोल्डर उघडायचा, तोही सावकाश, आणि मगच फिल्म पुढे सरकवायची. फिल्म आधी सरकवून झटक्यात उघडलात तर बेलोज हवा ओढतो, फिल्म पुढे फुगते, आणि मग ‘जुन्या लेन्सला शार्पनेसच नसतो’ अशी बोंब.

सप्तर्षी:
दुरुस्ती करत बसायचं की फोटो काढायचे?

घडीची_राणी:
दोन्ही. जमतं काही जणांना.

चांदीचे_कण:
कॅमेऱ्यावर एवढं रण पेटलंय, पण निगेटिव्हचं पुढे काय करणार ते हिशोबींना कुणी विचारलं का? आमच्या एका मित्रानं मोठ्या हौसेनं ६×९ घेतला. घरचा एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) ६×७ पर्यंतचा. आता प्रत्येक निगेटिव्हच्या दोन्ही कडा कापून प्रिंट काढतो. ६×९ चा एन्लार्जर, वर १०५ ची लेन्स, हे ‘स्वस्त’ फुजीच्या किमतीत धरलंय का?

हिशोबी:
एन्लार्जर नाही. साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे.

चांदीचे_कण:
मग तर विषयच संपला. फ्लॅटबेडवर स्कॅन करणाऱ्यानं ६×९ च्या गप्पा मारू नयेत. खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) छापलेलं असतं, प्रत्यक्षात हाती येतं त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. ६४५, म्हणजे ६×४.५ चा, घ्या आणि गप्प बसा. रोलमध्ये १५-१६ फ्रेम तरी मिळतील.

रोल_१२०:
उलटं गणित मांडताय तुम्ही! स्कॅनर कमजोर असेल तेव्हाच मोठी निगेटिव्ह कामाला येते. खरे १५०० डीपीआय धरा. ६×९ ची निगेटिव्ह साधारण ८४ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे १६ मेगापिक्सेल. ६४५ मध्ये त्याच स्कॅनरवर ८. भारी स्कॅनर असता तर ६४५ नं भागलं असतं.

चांदीचे_कण:
कागदावर. फ्लॅटबेडच्या होल्डरमध्ये ६×९ ची पट्टी सपाट बसते का कधी? मधोमध पोक येतो. मध्य शार्प तर कडा गेल्या, कडा शार्प तर मध्य गेला. तुमचे १६ मेगापिक्सेल त्या पोकात जातात.

सप्तर्षी:
अगदी. मी मॅक्रो लेन्स लावून डिजिटल कॅमेऱ्यानं स्कॅन करतो. फ्लॅटबेड केव्हाच काढून टाकला.

घडीची_राणी:
म्हणजे फिल्म कॅमेऱ्यासाठी आधी डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स, लाइटबॉक्स आणि कॉपी स्टँड. बेताच्या पैशांत. वा!

सप्तर्षी:
टोमणे मारणं सोपं असतं हो. एकदा रिझल्ट बघा, मग बोला.

रोल_१२०:
पोकाचं म्हणणं बरोबर आहे, नाइलाजानं मान्य. पण इलाज आहे, वरून अँटी-न्यूटन काच (एका बाजूनं घासलेली, फिल्मला टेकून वलयं न उमटवणारी) ठेवायची.

चांदीचे_कण:
घासलेली बाजू फिल्मकडे, हेही सांगा, नाहीतर साधी काच ठेवून न्यूटन रिंग्जची रांगोळी काढतील आणि दोष कॅमेऱ्याला. आणि ६×९ वर उठून ६४५ सुचवताना मीही अर्धंच बोललो. फुजी जीएस६४५, १९८३ चा, ७५ एमएमचा घडीचा. गोड कॅमेरा, पण मूळ बेलोजला भोकं पडतात हे जगजाहीर आहे. राणीसाहेबांचा टॉर्च तिथंही लागेल. जीएस६४५एस ला बेलोज नाही, लेन्स ६० ची.

घडीची_राणी:
‘राणीसाहेब’ नको. टॉर्च मात्र देईन.

हिशोबी:
मीटर माझ्याकडे वेगळा आहे. लेन्स बदलायची नाही. बहुतेक माणसांचे फोटो, घरात खिडकीच्या उजेडात, दोन हातांच्या आतून.

सप्तर्षी:
मग रेंजफाइंडर हवाच कशाला? यातले बहुतेक एक मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. माझा ममियाही नाही, घ्या, खूश व्हा.

रोल_१२०:
हे पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर मला एवढं लिहावं लागलं नसतं. हिशोबी, दोन हात म्हणजे नक्की किती? टेप लावून मोजा. मीटरभर भरत असेल तर जीडब्ल्यू६७०. घरात आणला की आधी मीटरभर लांब टेप ताणून रेंजफाइंडर तपासा, मग शटर एक सेकंदावर ठेवून कान द्या. घरघर मध्येच अडखळली तर परत करा.

चांदीचे_कण:
आणि मीटरभर नाही भरलं तर?

घडीची_राणी:
तर टीएलआर (एकावर एक दोन लेन्सवाला, वरून बघायचा कॅमेरा), तोही क्लोज-अप लेन्स लावून. पण तो विषय इथे काढू नका, पुढचे चार दिवस ‘याशिका की रोलायकॉर्ड’ सुरू होईल.

सप्तर्षी:
रोलायकॉर्ड. विषय संपला.