आधी जॅकेट, नेव्हिगेशन नंतर

मोटरसायकलवर गाडीच्या विजेवर तापणारं हीटेड जॅकेट घ्यावं की नेव्हिगेशनचं वेगळं यंत्र, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: थंडीत गाडी चालवत असाल तर आधी जॅकेट. काही जण जॅकेटऐवजी नुसते हीटेड ग्लोव्हज सुचवतात, ते मला पटत नाही. अंग गारठलं की शरीर हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं, मग ग्लोव्हज असूनही बोटं बधिर होतात. एकदा पहाटे क्लच दाबलाय की नाही हेच मला कळेना. गाडी बाजूला घेतली आणि इंजिनच्या उबेवर हात धरून बसलो, तेव्हा कुठे बोटं वळायला लागली.

मात्र गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाची, क्षमता आधी बघा. ९० वॅटचं जॅकेट १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतं. छोट्या गाडीला ते झेपेलच असं नाही. वायर थेट बॅटरीवरून घ्या, पण मध्ये फ्यूज हवाच.

नेव्हिगेशनचं तूर्त फोनवर भागतं, नकाशे आधी डाउनलोड करून ठेवा. फक्त हँडलवरच्या फोनच्या माउंटला व्हायब्रेशन डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, लावा. हँडलच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, बिघडू शकतं, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिलाय.