गाडीचा हीटर गार पडला तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

गोडोली, सातारा (धागा माझाच)

डिसेंबरात मावसभावाचं लग्न उरकून रात्री अकराला महाबळेश्वरहून निघालो. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली. वेण्णा लेकपाशी हीटरची खुंटी पूर्ण लालवर फिरवली, तर जाळीतून फ्रिज उघडल्यासारखी हवा. गंमत म्हणजे सकाळी पसरणी घाट चढताना हाच हीटर बरा चालला होता. उतरताना मात्र वाईपर्यंत दात वाजले. तापमानाचा काटा पावाच्या वर जात नव्हता. गाडी दहा वर्षांची, डिझेल. गॅरेजवाला म्हणतो हीटर कोर गेला, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. त्याला हो म्हणायच्या आधी विचारतोय: तुमच्या गाडीत नेमकं काय निघालं? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

कराड

आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघितलं का? हीटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिनातून तापून आलेलं कूलंटच डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे कोरमधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. कूलंट कमी झालं की पहिला उपाशी राहतो तो हीटर.

माझी गाडी सिग्नलला उभी असली की गार, रेस दिली की गरम. कूलंटची बाटली तर काठोकाठ भरलेली, त्यामुळे महिनाभर तिकडे संशयच गेला नाही. शेवटी सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत बोट बुडेना. झाकणाचं रबर गेलेलं, त्यामुळे बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नव्हतं. चढावर गाडीचं तोंड वर करून लावली, झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, हीटर फुल. बुडबुडे येत राहिले तसं भरत गेलो. अडकलेली हवा निघाली आणि हीटर चालू.

आणि हो, तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. माझ्या चुलत्यांच्या हातावर डाग आहे अजून.

दहिवडी

आमच्याकडं बोरचं पाणी लई जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, मग गाडीला धरणार न्हाई का? मी पाच-सहा वर्षं रेडिएटरला तेच पाणी घातलं. कूलंट कशाला, पैसं वर आल्यात का, असं म्हणायचो.

हीटर गार पडला. शेजारच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून केबिनकडं जाणाऱ्या दोन पाइपांना हात लावायला सांगितला. एक चटका देणारा, दुसरा कोमट. म्हणजे पाणी आत जातंय, पण पुढं सरकत न्हाई. गाडी गार झाल्यावर दोन्ही पाइप सोडलं आणि उलट्या बाजूनं बारीक धारेनं पाणी मारलं. पोरगा म्हणाला फवारणीचा पंप लावू. म्हटलं बाबा, फुटंल ते. आधी उसाच्या काकवीगत पाणी आलं, मग खपल्या. अर्ध्या तासानं नितळ. कोर बदलावा लागला न्हाई. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालतो.

सातारा, पोवई नाक्याजवळ

माझा किस्सा लहान. हवाच येत नव्हती. पंखा फक्त चार नंबरवर चालायचा, एक-दोन-तीनवर मुका. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर बदलला, विषय संपला. त्याच वेळी केबिन फिल्टर काढला, तर आत शेंगांची टरफलं! उंदीरमामा गाडीत पार्टी करत होते.

मेढा

मी रोज केळघरकडे शाळेला जाते. थंडीपेक्षा पावसाळ्यात हीटर जास्त लागतो, काचेवरची वाफ घालवायला. त्या जुलैत हीटर लावला की वाफ जाण्याऐवजी वाढायची, काचेवर तेलकट थर यायचा आणि गाडीत गोडसर वास. मी अत्तराच्या डबीवर संशय घेतला! मग डावीकडचा गालिचा पायाखाली ओला लागला.

कोरच गळत होता. तेव्हा दरवेळी गॅरेजवाला फसवतोच असं नाही हो. त्याने तात्पुरते कोरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून दिले, तो पावसाळा एसीवर काच पुसत काढला. दिवाळीच्या सुट्टीत डॅशबोर्ड उतरवून नवा कोर बसवला, दोन दिवस गेले. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून गालिचा नीट धुवून घेतला. गाडीत मुलं असतात.

भिलार

स्ट्रॉबेरीचा माल घेऊन पहाटे पिकअप काढतो, जानेवारीत स्टेअरिंग धरवत नाही. तुमचा काटा पावावर अडकतोय म्हणता, मग थर्मोस्टॅट बघा. इंजिन तापेपर्यंत ही झडप कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते. उघडाच अडकला तर चढाला जोर लागतो तेवढं गरम, उतारावर पार गार.

माझ्या गाडीत तो अडकला नव्हता, नव्हताच! एप्रिलमध्ये गाडी तापली म्हणून एकाने काढून टाकला होता. म्हणे आपल्याकडं बर्फ थोडाच पडतो. तापायचं खरं कारण रेडिएटरचा पंखा होता. ॲव्हरेज पडलं ते वेगळंच.

कोरेगाव

भिलारकरांना अनुमोदन. माझी सीएनजी आहे. हीटर गार आणि गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जायलाच तयार नाही. मी किटवाल्याशी भांडून आलो. पण इंजिन पुरेसं तापल्याशिवाय किट गॅसवर जात नाही, आणि थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी.

वाई

दोन्ही पाइप कडक गरम, तरी हवा गार? मग गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप. माझ्या गाडीत खुंटी फिरवली की डॅशबोर्डमागे टिकटिक व्हायची. तो फिरवणाऱ्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचे दात गेले होते.

गोडोली, सातारा

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी गार इंजिनावर झाकण उघडलं, कूलंट भरलेलं. मग गाडी चालवून आणून पाइपांना हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. म्हणजे कोर तुंबलेला नाही. भिलारकरांचं वाचून थर्मोस्टॅटचं घर उघडायला लावलं. रिकामं! दोन वर्षांपूर्वी खंबाटकीत गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये "सगळं ओके केलंय" म्हणून दिली होती. ओके ते हे.

नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट, नवं कूलंट. रात्री आईला घेऊन यवतेश्वरला जाऊन आलो. उतरतानाही काटा खाली आला नाही. बोगद्यापाशी आई म्हणाली, "काच जरा खाली कर रे, उकडतंय."

पण तेव्हा गाडी का तापली होती, ते कुणी बघितलंच नव्हतं. आता थर्मोस्टॅट बसलाय, तर खंबाटकी चढायच्या आधी पंखा तपासून घेतो.