अनिता आनंद: कर्तबगार मंत्री की पक्षाला सोयीचा चेहरा?

मिसिसागाकर
मे 2025 मध्ये अनिता आनंद यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून कॅनडाच्या परराष्ट्रमंत्रिपदाची शपथ घेतली आणि आमच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला. पेढे वाटायचे तेवढे राहिले. मला त्या शपथेपेक्षा त्यांचं 2020 सालचं काम मोठं वाटतं. टोरांटो विद्यापीठात कायदा शिकवणारी बाई 2019 मध्ये ओकव्हिलमधून पहिल्यांदा निवडून येते, थेट सरकारी खरेदीचं खातं मिळतं आणि काही महिन्यांत कोविड. कुठली लस चालेल हे कुणालाच माहीत नसताना त्यांच्या खात्याने सात कंपन्यांशी करार केले. कारकुनी डोक्याचा मंत्री एकावर थांबला असता.

खडूस
करार सात, पण फेब्रुवारी 2021 मध्ये हातात काय? फायझरने बेल्जियमचा कारखाना वाढवायला घेतला आणि पुरवठा आटला. मग कोव्हॅक्सच्या, म्हणजे गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून काढलेल्या जागतिक योजनेच्या, वाट्यातून लस उचलली, तीही जी-7 मधल्या एकट्या कॅनडाने. श्रीमंताने लंगरच्या रांगेत उभं राहण्यातला प्रकार. शेवटी तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांचा मोदींना फोन, आणि मार्चमध्ये हडपसरच्या सीरममधून 5 लाख डोस. याला नियोजन म्हणायचं?

मिसिसागाकर
मी हडपसरचाच, त्यामुळे त्या 5 लाखांचं कौतुक मला जरा जास्तच! कोव्हॅक्सचा मुद्दा मान्य, ते शोभलं नाही. पण जुलैत दोन्ही डोस घेतलेल्यांच्या प्रमाणात कॅनडाने अमेरिकेला मागे टाकलं, ते याच करारांच्या जोरावर ना?

खडूस
आणि पुढे न वापरलेल्या लाखो डोसची मुदत संपली, तेही याच करारांच्या जोरावर.

सुलभा_हॅलिफॅक्स
तुम्ही दोघं लशीतच अडकलात. त्यांची खरी परीक्षा संरक्षण खात्यात झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये त्या आल्या तेव्हा लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांत सैन्याचे वरिष्ठ अधिकारीच सापडले होते. माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांच्या अहवालात 48 शिफारशी होत्या, आनंद यांनी एकही फेटाळली नाही. आणि बक्षीस काय? जुलै 2023 मध्ये सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या ट्रेझरी बोर्डावर रवानगी. मला तरी ती बढती वाटली नाही.

खडूस
शिफारशी न फेटाळणं सोपं असतं हो, सुलभाताई. अंमलबजावणी पुढच्याच्या गळ्यात. शिवाय जानेवारी 2025 मध्ये ‘निवडणूक लढवणार नाही, परत शिकवायला जाते’ म्हणाल्या आणि 1 मार्चला उंबरठ्यावरून माघारी.

सुलभा_हॅलिफॅक्स
ट्रम्प आयातशुल्काची धमकी देत असताना परतल्या, हे का गाळता? आणि संबंध बिघडलेले असताना भारताशी बोलायला त्यांच्याइतकं योग्य कोण? एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या 1985 च्या बॉम्बस्फोटाच्या चौकशी आयोगासाठी त्यांनी संशोधन केलंय. 329 माणसं गेली होती त्यात.

खडूस
तिथे मी गप्प. पण ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली-मुंबईला येऊन गेल्या, ते संबंध सुधारायला की व्यापारापुरतं, ते तुम्हीच सांगा.