कोरियन फर्निचर, कोरियन काच आणि 'जपानची झेरॉक्स'

काचकूच

परवा घरसजावटीच्या धाग्यावर सागवान यांनी पिंक टाकली: "कोरियन डिझाइन म्हणजे अर्धं जपान, अर्धं डेन्मार्क, वरून के-पॉपचा वर्ख. गॅलरीत ठेवायचं, बसायचं नाही. आणि काच तर त्यांची कधी नव्हतीच." त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

आधी लाकूड. साबांग-ताक्जा पाहिलंय का? चार सडसडीत खांब, मधे फळ्या, चारही बाजू मोकळ्या. जोसोन काळातल्या (कोरियातली जुनी राजवट) पंडितांच्या बैठकीत पुस्तकं आणि एखादी बरणी ठेवायला असायचं. खांब इतके बारीक की उभं कसं राहतं असं वाटावं. सगळी करामत सांध्यांची. आजचे डिझायनर बाक जोंग-सन यांच्या टेबलांत तोच काटकपणा आहे. 2019 च्या 'पॅरासाइट' या कोरियन सिनेमातल्या त्या श्रीमंत घरातलं फर्निचर त्यांचंच. आता हे काय कोपनहेगनहून आलं?

छ्वे ब्योंग-हुन यांचे बाक बघा. काळा बसाल्ट, एक बाजू आरशासारखी घासलेली, दुसरी खडबडीत, दगड मिळाला तशीच सोडलेली. बे से-ह्वा अक्रोडाच्या पट्ट्या वाफेवर वाकवून ओळीने लावतो. आकार डोंगररांगेसारखा दिसतो आणि पाठ टेकता येते. हो, टेकता येते.

काचेचं म्हणाल तर फुंकणाऱ्यांची पिढीजात घराणी तिथे नव्हती, हे मान्य. ग्योंगजूच्या ह्वांगनाम-देचोंग या सिल्लाकालीन (सिल्ला म्हणजे कोरियातलं प्राचीन राज्य) थडग्यात 1970 च्या दशकात एक काचेची सुरई सापडली, पक्ष्याच्या चोचीसारखं तोंड असलेली. पश्चिमेकडून व्यापारात आलेली. कान तुटला तेव्हा तिथल्या लोकांनी तो सोन्याच्या तारेने बांधला. काचेची किंमत त्यांना कळत होती. आणि आज घराणं नाही हाच फायदा आहे, 'आमच्याकडे असंच करतात' म्हणणारा काका डोक्यावर नाही. अमेरिकेत इलिनॉयच्या कार्बनडेलला शिकवणारा कोरियन काचकलाकार ली जी-योंग काच फुंकतच नाही. कापतो, चिकटवतो, घासतो. त्याची 'सेगमेंटेशन' मालिका पेशीविभाजनावर आहे. ठोकळ्याच्या आत धुकं अडकल्यासारखं दिसतं.

सागवान

एवढा निबंध माझ्यासाठी? धन्य झालो.

माझं आयुष्य वखारीत गेलं, तेव्हा लाकडाबद्दल मला नका शिकवू. वाफेवर लाकूड वाकवणं व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचरवाल्याने 1859 साली खुर्ची क्रमांक 14 मध्ये केलं आणि सामान्य माणसाला परवडेल अशी लाखोंनी विकली. कॅफेत बसून लोकांनी त्यावर कॉफी प्यायली. तुमचा बे से-ह्वा एक बाक करतो आणि तो न्यूयॉर्क-मायामीच्या मेळ्यात जातो. याला मी सुतारकाम म्हणत नाही, शिल्पकला म्हणा. दुकान वेगळं मांडा.

काचेबद्दल तुम्हीच कबूल केलंत, मग मी चुकीचं काय बोललो?

टवाळ

मास्क वितळवून स्टूल करणारा तो पोरगा विसरलात का? 😄 त्यावर बसून 'सोशल डिस्टन्सिंग' पाळायचं काय?

काचकूच

टवाळ, हसा. किम हा-नल तेव्हा विद्यार्थी होता. 2020 मध्ये कॉलेजात पेटी ठेवून वापरलेले मास्क गोळा केले, नाकाची तार आणि कानाचे दोरे काढले, हॉट-एअर गनने वितळवून साच्यात ओतले. एका स्टुलाला सुमारे 1500 मास्क. बाकीचे आपण नाल्यात पाहिलेच.

सागवान, सगळ्या जगाने फक्त लाखोंनीच वस्तू काढायच्या? मग पैठणी विणणाऱ्यालाही सांगा, यंत्रमाग घे.

सागवान

पैठणी नेसता येते.

सुवॉनकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे कोरियात आहे, म्हणून राहवत नाही. तुम्ही दोघं ज्या कोरियाबद्दल भांडताय तो माझ्या इमारतीत एकाही घरात नाही. इथे हानसेम या कोरियन कंपनीची कपाटं, 2014 ला ग्वांगम्यॉन्गमध्ये उघडलेल्या आयकियाची टेबलं. सोफा प्रत्येकाकडे, पण त्यावर कुणी बसत नाही. जमीन खालून गरम असते (ओंडोल), म्हणून मंडळी खाली बसतात आणि सोफ्याला पाठ टेकतात. हजारो डॉलरचा लोड!

सणाला पाय दुमडणारं मोठं ग्योजासांग (बुटकं जेवणाचं टेबल) निघतं, त्याभोवती सगळे मांडी घालून. माझी आई आली तेव्हा खूश झाली, "आपल्यासारखंच!" जेवण संपल्यावर मात्र उठता येईना. दोघांनी धरून उठवली.

अनुराधा_जे

अगदी हाच अनुभव! नवऱ्याच्या हट्टापायी आम्ही डायनिंग टेबल विकून पाट आणले. सासूबाई चार दिवसांत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताट घेऊन बसायला लागल्या. मांडी घालून जेवावं म्हणणाऱ्यांचे गुडघे आधी तपासा.

वैद्यबुवा

सवय मोडली की गुडघे जातात, बसल्याने नाही. माझे आजोबा नव्वदीत उकिडवे बसायचे.

अनुराधा_जे

प्रत्येकाचे आजोबा नव्वदीत उकिडवे बसायचे. आज्ज्या कुठे बसायच्या आणि किती वेळा उठायच्या ते कुणी सांगत नाही.

सुवॉनकर

ताई, हाच मुद्दा इथे आहे. जुन्या घरात चुलीचा जाळ ओंडोल तापवायचा म्हणून स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर. जेवण सोबानवर मांडून, म्हणजे एकेका माणसाच्या छोट्या पायांच्या ट्रेवर, उचलून वर आणायचं. सोबान हलकं हवं म्हणून गिंको लाकूड वापरत. डिझाइनवाले हलकेपणाची तारीफ करतात. उचलणारी कोण, हे लिहीत नाहीत. हल्ली तर कित्येक हॉटेलांनी खालची बैठक काढून खुर्च्या लावल्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना उठता येत नाही.

काचकूच

गुडघे पुरे! सोबान निघालंच आहे तर हा जी-हून नावाच्या डिझायनरने त्याला आज काय केलं ते बघा. धातूत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये. आकार तोच, पण आता लॅपटॉप ठेवा, चहा ठेवा.

सागवान

प्लास्टिकचा पाट. वा. पार्क वॉन-मिनही रेझिनच्या धुरकट खुर्च्या करतो आणि लोक काच समजून हात फिरवतात. तो नेदरलँड्सच्या आयंधोवनला शिकला ना? म्हणजे माझं 'उसनवारी' खरंच.

काचकूच

आयंधोवनला शिकल्याने माणूस डच होत असेल तर अर्धं आयटी पार्क अमेरिकन आहे. तुमची अडचण लाकडाची नाही, तुम्हाला कुणी विचारलं नाही ही आहे.

सागवान

वैयक्तिक होऊ नका. माझ्याकडे येणारी पोरं मोबाइलवर परदेशी खुर्ची दाखवतात आणि म्हणतात "अशी करा, प्लायमध्ये." सांधा विचारला तर म्हणतात, "काका, फेविकॉल लावा." म्हणून चीड येते. तुमच्या कोरियनांवर राग नाही.

बिब्बेवाली

चर्चेत बिब्बा घालायचाच तर खराखुरा घालते. कोरियन लाखकाम, ओत्चिल, ज्या झाडाच्या चिकापासून होतं ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. शिकाऊ कारागिरांचं अंग बिब्बा उतल्यासारखं उततं. गंमत म्हणजे तो थर कोरड्या हवेत वाळत नाही, दमट खोली लागते. त्यावर शिंपल्याचे पातळ तुकडे बसवतात ते थोंगयोंग या कोरियन गावचं काम. कांग म्योंग-सन संपूर्ण बाकच शिंपल्याने मढवते. जपानलाही लाख आहे, चीनलाही. कुणी कुणाची उसनी घेतली हे भांडण हजार वर्षं जुनं आहे.

सागवान

हे मात्र माहीत नव्हतं, असं म्हणून मी तुम्हाला आनंद देणार नाही. पण दमट खोलीचं खरं असेल तर कोकणात कुणी करून बघायला हरकत नाही.

काचकूच

कोकण सोडा. कोरियातल्या छोंगजूला बंद पडलेल्या तंबाखूच्या कारखान्यात क्राफ्ट बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी हस्तकलेचं प्रदर्शन भरवतात. प्रदर्शन 1999 पासून चालू आहे. आपल्या बंद गिरण्यांचे मॉल झाले.

सागवान

आता गिरण्या? वेगळा धागा काढा. तोवर ऐका: काचेपुरतं सोडून देतो, ली जी-योंगचे फोटो पाहिले, घासकाम तगडं आहे. लाकडाबद्दल मत तेच. आणि बसाल्टच्या बाकावर जानेवारीत बसून दाखवा, मग बोलू.

टवाळ

खालून ओंडोल लावा की.

सुवॉनकर

हसू नका, आहे तसं! इथे म्हाताऱ्यांसाठी दगडी पलंग मिळतो, खालून विजेवर तापणारा. आमच्या घरमालकाच्या आईचा आहे. गॅलरीवाले त्याला हात लावणार नाहीत, तपकिरी आणि बोजड दिसतो, पण ती त्याच्यावरून उठत नाही.

अनुराधा_जे

दगडी पलंग?? उंची किती असते? पाय खाली टेकतात का? सासूबाईंसाठी विचारतेय. आणि वीजबिल किती येतं तेही सांगा.